वाचल्याशिवाय सही नाही

पदवी घेतलेल्या मुलामुलींनो, अभिनंदन करणारे आज तुम्हाला पुष्कळ भेटतील, म्हणून मी लगेच माझ्या विषयाकडे वळते.

आमची फौंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत आहे. वडिलांनी सुरुवात केली ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमध्ये, ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांची कास्टिंगं ओतून. १९८९ साली ते अचानक गेले. मी बी.कॉम. झाले होते, भाऊ शाळेत होता. तेराव्याची पंगत उठली आणि एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी आईपुढे आणि माझ्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. पेनचं टोपण काढून, पेन्सिलीने फुली मारलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं सही कर बाळ. नुसती फॉर्मॅलिटी आहे." आईने पेन हातात घेतलंसुद्धा होतं. मी म्हटलं, आधी वाचते.

"वाचते म्हणजे? आमच्यावर विश्वास नाही का?" माजघरात हाच प्रश्न चौघांनी चार तऱ्हांनी विचारला. मी वाचलं. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांचे शेअर आणि घर, दोन्हींवरचा आम्हा मायलेकींचा हक्क भावाच्या नावे सोडायचा आणि तो सज्ञान होईपर्यंत कारभार त्या नातेवाइकांनी पाहायचा. वास्तविक मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकमाईत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच दिलेला होता. आमच्या घरात तो एकालाही ठाऊक नव्हता. आईने पेन खाली ठेवलं आणि त्या दिवशी बऱ्याच जणांचं आमच्याकडे येणं-जाणं थांबलं.

मग फौंड्रीचा कारभार मी हाती घेतला. तिथे मला पहिला धडा दिला मोल्डिंगच्या मिस्त्रींनी. साच्याची मूठभर वाळू घ्यायची, घट्ट दाबायची, मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले आणि मोडल्यावर त्याचे दोन तुकडे धारेसकट नीट झाले, तर ओल बरोबर. वाळू हाताला चिकटली तर पाणी जास्त, म्हणजे कास्टिंगमध्ये ब्लो होल, हवेची पोकळी, आलाच म्हणून समजा. कडा ढासळल्या तर पाणी नाहीतर वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती कमी. तेव्हा आमच्याकडे कुपोला भट्टी होती. कोक, पिग आयर्न, भंगार, चुनखडी असे थर वरून टाकायचे आणि खाली वितळलेल्या लोखंडासाठी लॅडल धरायचं. पुढे इंडक्शन फर्नेस आली, वाळूची ओल मोजणारं यंत्र आलं. तरी रोज सकाळी मी मूठ दाबून बघतेच. मिस्त्रींनी बाई म्हणून मला एक गोष्टही अर्धवट सांगितली नाही, हे या व्यासपीठावरून सांगायचं होतं.

सगळीकडे तसं नव्हतं. एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी विभागात मी ड्रॉइंग आणि रिजेक्शनचा हिशेब घेऊन बसलेली असताना तिथले अधिकारी म्हणायचे, "दराचं बोलायला साहेबांना पाठवा." साहेब कुणी नव्हतेच. बँकेत कर्ज मागायला गेले तर "यजमानांची हमी लागेल" म्हणाले. माझे यजमान शाळेत गणित शिकवत होते, कंपनीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण भावाच्या वयाच्या विवाहित कारखानदारांकडे कुणी बायकोची हमी मागत नव्हतं! आणि १९४८ चा फॅक्टरी कायदा पाहा. तेव्हा त्यानुसार संध्याकाळी सातनंतर कारखान्यात बाईला कामावर ठेवता येत नव्हतं. मालकीण म्हणून मी मध्यरात्री भट्टीसमोर उभी असायचे, पण मेटलर्जी शिकलेली हुशार मुलगी मला रात्रपाळीला घेता येत नव्हती. नोकरी न देता परत पाठवलेल्या त्या मुलींची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

वारसाने मिळालं, हिचं काय कर्तृत्व, असं लोक सहज म्हणतात. सुमतीबेन मोरारजींचं बघा. नरोत्तम मोरारजी आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये उभी केलेली सिंदिया ही जहाज कंपनी. नरोत्तमभाईंची ही सून पुढे तिचा कारभार पाहू लागली आणि १९५६ मध्ये देशभरातल्या जहाजमालकांच्या संघटनेची अध्यक्ष झाली. पुण्याच्या अनू आगांकडे १९९६ मध्ये पती गेल्यावर थरमॅक्सची धुरा आली. पुढे कंपनी तोट्यात गेली, तेव्हा त्यांनी संचालक मंडळ नव्याने बांधलं, कुटुंबातल्या माणसांना कार्यकारी पदांवरून बाजूला केलं आणि २००४ मध्ये अध्यक्षपद मुलीकडे सोपवलं. वारशात कर्ज येतं, कामगारांचे पगार येतात, भांडणं येतात. ती निस्तरणाऱ्या या बायका होत्या.

पण माझ्या धंद्यात मला सगळ्यात जास्त भेटतात त्या कागदावरच्या संचालिका. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या आणि इतर बड्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली, तर अनेकांनी घरातली बायको, मुलगी, बहीण आणून बसवली. शेवटी सेबीला शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र महिला संचालकाचा नियम करावा लागला. छोट्या कारखान्यांत तर प्रोप्रायटर ती, चेकबुकवर आधीच सह्या करून ठेवणारीही तीच आणि बँकेच्या हमीपत्रावरही तीच. कारखाना बुडाला की तिचं राहतं घरही जप्त होऊ शकतं. तिच्या सहीचा चेक वटला नाही तर खटल्यात तिचं नाव येतं, आणि त्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. अशा बायका माझ्या ऑफिसात येऊन रडलेल्या मी पाहिल्यात. प्रत्येकीचं वाक्य एकच, "यांनी सांगितलं म्हणून सही केली."

मुलींनो, माझं एवढंच मागणं आहे. वाचल्याशिवाय सही करू नका. बापाने सांगितलं तरी नको, नवऱ्याने सांगितलं तरी नको, भाऊ राखीच्या दिवशी घेऊन आला तरी नको. हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण काय सोडतोय ते कळून सोडा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मापासून मुलाइतकीच वाटेकरी, म्हणजे सहदायाद, झाली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या शंकाही मिटवल्या. आणि मुलांनो, बायकोच्या नावाने फर्म काढाल तेव्हा हिशेबाच्या वह्याही तिच्यापुढे ठेवा.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आत्ता असा कागद आला असेल आणि विचारायला कुणी नसेल, तर कागदाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे या. दुपारी तीननंतर मी फौंड्रीतच असते. आमच्या वकीलबाई दर शनिवारी येतात, त्यांना मी तसं सांगून ठेवलंय.