सवालीरामला पत्र

1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात 16 शाळांमध्ये विज्ञान वेगळ्या पद्धतीनं शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलं स्वतः प्रयोग करत, शेताबांधावर हिंडून निरीक्षणं टिपत. परीक्षेतसुद्धा पुस्तक-वही उघडी! डोक्यातले प्रश्न पत्रानं ‘सवालीराम’ला कळवायचे. हा सवालीराम खरा कुणी नव्हताच. कार्यक्रमातली मंडळीच त्याच्या नावानं उत्तरं धाडत. ही युक्ती मला फार आवडते. वर्गात तोंड न उघडणारं पोरही पत्र लिहितंच की! 2002मध्ये राज्य सरकारनं कार्यक्रम बंद केला.

पण ही रीत घरीही वापरता येते. तुमच्या घरी कुणी मुलानं विचारलं, मुंग्या रांगेतच का चालतात, तर उत्तर देण्याची घाई नको. रांगेच्या वाटेवर ओलं फडकं फिरवा. पुढे काय होतं, ते मुलांनाच लिहून ठेवू द्या.