बाराचा पहारा
(दिंडीच्या जागरात 31 डिसेंबरच्या रात्री विठ्ठल मंदिरात केलेलं निरूपण)



वडीलधारे वारकरी, माझ्या मायबहिणी, आणि मागं खांबाला टेकून उभी असलेली पोरं, सगळ्यांना माझा दंडवत. मी चौथी शिकलेला शेतकरी. जे बोलतो ते रानातलं अन् दिंडीतलं. गोड करून घ्या.

सकाळी पारावर एकानं विचारलं, "महाराज, आपलं नवं वर्ष पाडव्याला. मग या इंग्रजी वर्षाला भजन कशाला?"

विचारलं ते बरोबर आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो, गूळ अन् कडुलिंब खातो, पंचांग ऐकतो. आपल्याकडं सालगड्याचं साल पाडव्यालाच बदलतं. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो. अन् वारकऱ्याचं वर्ष म्हणाल तर चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्यांवर फिरतं. ते कुणी मोडायचं नाही. पाडव्याला गुढी उभी राहणारच.

पण मायबाप, उद्या घरोघरी भिंतीवरचं कॅलेंडर बदलणार. बँक, दवाखाना, तहसील, सगळीकडं त्याच तारखा चालतात. एकादशी कधी आहे तेसुद्धा आपण त्याच कॅलेंडरात, तारखेजवळच्या बारीक अक्षरात बघतो. आजची रात्र आपण "आपली नाही" म्हणून सोडली, तर ती रिकामी राहत नाही. रान पडीक ठेवलं की त्यात कुंदा माजतो. पेरलं नाही म्हणून उगवायचं थांबत नाही.

आज काय उगवतं ते तुम्हाला माहीत आहे. कुणाच्या तरी मळ्यात चूल पेटते, बाटल्या येतात. चार पोरांत एखादा पहिल्यांदाच तोंडाला लावतो, तेही "नाही म्हटलं तर हसतील" म्हणून. मग मध्यरात्री एका मोटारसायकलीवर तिघं. अन् घरी माय उंबऱ्यात बसून रस्त्याकडं कान लावते. गाडीचा आवाज आला की उठते, गाडी पुढं गेली की परत बसते. तिचं नवं वर्ष पोरगं दारात आलं की लागतं.

पण एक सांगतो. त्या पोरांना शिव्या देऊन कुणी सुधारत नाही. ती का जातात हे आधी बघा. दोस्तांच्या संगतीत रात्रभर जागावं, हसावं, गावं, नाचावं, ही त्यांची हौस आहे. मला सांगा, यातलं वाईट काय आहे? हेच तर आपण करतो! एकादशीचा जागर म्हणजे दुसरं काय? वाळवंटात टाळ घेऊन नाचणारा वारकरी पोरांपेक्षा कमी उड्या मारतो का? नाथांच्या भारुडाला हसून हसून पोट दुखत नाही का? हौस खरी आहे, तिला फक्त वाट दाखवायची आहे. अन् जागायचं म्हणाल तर रात्रीची लाईट असली की थंडीत गव्हाला पाणी द्यायला आपण जागतोच की. गव्हासाठी जागतो, तसं एक रात्र पोरांसाठी जागू.

याच महिन्याच्या 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. 1956 साली बाबा गेले. बाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे अन् रात्री कीर्तनात माणसाचं मन झाडायचे. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. पण सांगताना ते लोकांना प्रश्न विचारायचे, हसवायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. आपणही तसंच करावं.

म्हणून आजची रात्र अशी धरली. दिवे लागले तसा हरिपाठ झाला. मग भारूड झालं, ते पोरांनी केलं. मग हे कीर्तन. दहा वाजता कर्णा बंद केला. टाळ-मृदंगाला वीज लागत नाही. कीर्तनानंतर पहाटेपर्यंत वीणेचा पहारा. पहाटे आधी देऊळ अन् वेस झाडायची, मग काकडा. अन् दिवस उगवताना धुंधुरमासाचं जेवण. धनुर्मास चालू आहे, आपल्या आजीपणजी या दिवसांत पहाटे उठून देवाला नैवेद्य दाखवायच्या. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत. शेकोटीभोवती बसून खायचं. याच्यापुढं कसली पार्टी अन् कसलं काय?

वर्गणी कुणाकडं मागितली नाही. ज्याच्या घरी जे आहे ते आणलं. बॅनर लावला नाही, डीजे नाही. ते आलं की देव मागं राहतो अन् नाव पुढं येतं. मायबहिणींनी फक्त चुलीपाशी राहायचं नाही. पहिला पहारा त्यांचाच आहे. अन् रात्री कुणी पिऊन आलाच, तर त्याला हाकलू नका. मागं बसवा, पाणी द्या, अंगावर घोंगडी टाका. गाडीची चावी तेवढी काढून घ्या. शुद्धीवर येईल तेव्हा काकडा कानावर पडेल.

आता मुद्द्याचं. पहाऱ्याची वीणा कधी खाली ठेवत नाहीत. उभा राहणारा बदलतो. नवा जुन्याच्या पाया पडतो, जुना नव्याच्या पाया पडतो, अन् वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पहिली वीणा ज्यांनी घेतली ते आज नाहीत. त्यांच्याकडून ज्यांनी घेतली तेही नाहीत. पण वीणा आहे. कारण दर वेळी घ्यायला कुणीतरी पुढं आलं. आम्ही म्हातारे आणखी किती वर्षं उभं राहणार? आमचे गुडघे गेले. अन् आम्ही पोरांना नुसतं मागं उभं करतो, सतरंज्या उचलायला लावतो, चुकलं की सगळ्यांदेखत बोलतो. ज्याला मळ्यात "ये रे" म्हणतात अन् देवळात "सरक रे" म्हणतात, तो कुठं जाईल?

म्हणून बाराचा पहारा पोरांचा. वर्ष बदलेल तेव्हा वीणा त्यांच्या गळ्यात असेल. ठेका चुकला तरी चालेल, कुणी डोळे वटारायचे नाहीत. फटाका नाही, आरडाओरडा नाही, फक्त नामाचा गजर.

शेवटी एक सोपा नेम सांगतो. उद्या नवं कॅलेंडर टांगाल. घरची माय त्यात दुधाचा खाडा लिहिते. ज्या दिवशी दूध आलं नाही, तिथं खूण. तसाच हरिपाठाचा खाडा लिहा. चुकला त्या दिवशी खूण करा, खोटं लिहू नका. एकादश्या वर्षाला 24, अधिक महिना आला तर 26. त्यातल्या जमतील तेवढ्या धरा, पण धरलेली सोडू नका. पुढच्या 31 डिसेंबरला ते जुनं कॅलेंडर घेऊन इथं या. किती खाडे झाले ते दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. विठोबासमोर बसून आपलं आपण मोजायचं. खाडे कमी झाले की वर्ष खरंच नवं लागलं म्हणायचं.

चला पोरांनो, खांब सोडा. पुढं या. वीणा वाट बघते.

बोला, पंढरीनाथ महाराज की जय!