‘आधी’चा चेहरा

जबलपूरच्या कमानिया फाटकाजवळ संध्याकाळी जी गर्दी लोटते, तीत गव्हाळ, सावळ्या, काळ्याभोर अशा नाना वर्णांच्या स्त्रिया असतात. दुकानांवरील जाहिरातींत मात्र साडी नेसलेल्या साऱ्याजणी जणू एकाच घरच्या गोऱ्यापान बहिणी! राणी दुर्गावतीने 1564 साली ज्या गोंड राज्यासाठी देह ठेवला, त्या मुलुखात गोंड स्त्रीचा चेहरा फलकावर शोधावा लागतो. सापडलाच तर तो दिनदर्शिकेत: डोक्यावर मोळी, मागे साल वृक्षांची दाटी. तिला रान आहे; घर, शाळा किंवा कचेरी नाही.

सावळीच्या वाट्याला दुसरीही एक भूमिका येते, ती ‘आधी’ची. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून बाप खंतावतो. सावळी मुलगी मलम लावून उजळते, हवाई सुंदरी होते आणि मग कुठे बापाचा चेहरा खुलतो. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, आणि 2003 साली ही जाहिरात बंद झाली. मुलीची बुद्धी, शिक्षण यांना त्या कथेत जागाच नव्हती. जणू नोकरी तिला नव्हे, तिच्या कातडीला मिळाली!

समुद्रापलीकडील कृष्णवर्णीय स्त्रीची कथा याहून फारशी निराळी नाही. एकोणिसाव्या शतकात पेअर्स साबणाच्या जाहिरातीत काळे मूल धुऊन गोरे केले जाई. 2017 साली ‘डव्ह’च्या जाहिरातीत काळ्या स्त्रीने अंगातील कपडा काढताच आतून गोरी स्त्री प्रकटली, कंपनीला क्षमा मागावी लागली. रानही तिला चुकलेले नाही. 2009 साली ‘हार्पर्स बझार’ मासिकाने नाओमी कॅम्पबेल या विख्यात रूपसुंदरीला चित्त्याबरोबर धावताना दाखविले. एवढी कीर्ती मिळवूनही शेवटी सोबत श्वापदाचीच!

2020 साली अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध क्षोभ उसळला, तेव्हा भारतातील त्या मलमाच्या नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. गौरपणाचा शब्द गेला, उजळण्याचा राहिला. वधू पाहिजे असल्याच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द मात्र अद्याप टिकून आहे, आणि सावळ्या मुलाची आईदेखील तो संकोच न बाळगता लिहिते.

जबलपूरला येणारा प्रवासी भेडाघाटी जातो, तो नर्मदेकाठचे शुभ्र संगमरवर पाहण्यासाठी. वर टेकडीवर कलचुरींच्या काळातील चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. तेथील कित्येक मूर्ती भंगल्या आहेत. ज्या शाबूत आहेत त्या भरदार अंगाच्या, आपल्या दगडाच्या रंगात निःसंकोच बसल्या आहेत. ती चढण चढणारे थोडेच. बाकीच्यांची नाव तोवर पांढऱ्या कड्यांमधून पुढे गेलेली असते.