घराचे आतील काम : अंदाजपत्रक आधी, खर्च मागाहून
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पिकाचा लागवडखर्च आपण एकरी मांडतो. घर बांधताना मात्र हिशेब जोते, भिंती आणि स्लॅबपाशीच थांबतो. पुढे गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, वीज, नळ व रंग ही कामे उरतात. तेथे पैसा अपुरा पडला की खरिपासाठी ठेवलेल्या रकमेला हात लागतो आणि बी-खत उधारीवर आणावे लागते. हे टाळायचे तर आतील कामाचे अंदाजपत्रक बांधकाम सुरू करण्यापूर्वीच तयार करावे.

दर गावोगाव वेगळे असतात, म्हणून प्रथम मापे घ्यावीत. समजा, खोली 10 × 12 फूट आणि उंची 10 फूट आहे. चार भिंतींचे क्षेत्रफळ 440 चौ. फूट होते. त्यातून 7 × 3 फुटांचे दार व 4 × 3 फुटांची खिडकी वजा केल्यास 407 चौ. फूट उरते. आतून 12 मि.मी. जाडीचा, 1 भाग सिमेंट व 6 भाग वाळूचा गिलावा केल्यास सुमारे 3 गोण्या सिमेंट लागते. भिंत ओळंब्यात नसेल आणि जाडी 20 मि.मी.वर गेली, तर त्याच भिंतींना 5 गोण्या लागतात. वाळूही त्याच प्रमाणात वाढते. गिलाव्यातील बचत वीटकामाच्या वेळीच होते, ती अशी.

फरशीचे क्षेत्र 120 चौ. फूट. पण भिंतीलगतची 4 इंची पट्टी धरायची राहून जाते. ती सुमारे 14 चौ. फूट होते. तुटफुटीसाठी 10 टक्के मिळवून 147 चौ. फूट माल घ्यावा. नंतर कमी पडलेल्या फरशीचा रंग जुळत नाही.

मजुरी चौरस फुटावर ठरवताना दारे-खिडक्यांची वजावट धरायची की नाही, पाड कोणाची, पाणी कोण मारणार, हे आधीच लिहून घ्यावे. गिलाव्यावर किमान 7 दिवस पाणी मारावे.

आता कामांचे तीन भाग करा :

1. आधी करावयाची : भिंतीतील वीजनळ्या, पाण्याचे पाइप, न्हाणीघर-संडासाचे जलरोधक काम. यांत काटकसर नको, कारण दुरुस्तीसाठी फरशी व गिलावा फोडावा लागतो. पाइपांत पाणी भरून गळती तपासल्यावरच वरचे काम करावे. वायरिंग परवानाधारक कारागिराकडून व अर्थिंगसह करून घ्यावे.

2. राहायला जाण्यापूर्वीची : गिलावा, स्वयंपाकाचा ओटा, फरशी, बाहेरची दारे. सर्व खोल्या अर्धवट ठेवण्यापेक्षा स्वयंपाकघर, न्हाणी व एक खोली पूर्ण करावी.

3. पुढच्या हंगामावर ढकलता येणारी : भारी रंग, भिंतीतील कपाटे, छताची सजावट. तोपर्यंत चुना किंवा साधा रंग चालतो.

एकूण बेरजेवर 10 टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी ठेवावी. उसाचे वा कापसाचे पैसे हाती आल्यावरच पुढचा भाग सुरू करावा. पीककर्ज घराकडे वळवू नये. मुदतीत परतफेड झाली नाही तर व्याजातील सवलत जाते आणि पुढच्या कर्जालाही अडचण येते.

रंग एक वर्ष थांबू शकतो, पेरणी थांबत नाही. घराची वही शेतीच्या वहीशेजारी ठेवा आणि दोन्ही घरच्या मंडळींसमोर मांडा, एवढीच विनंती.