दूरध्वनीचा लिफाफा

दूरध्वनीची घंटा वाजते आणि पडद्यावर एक क्रमांक उमटतो. पाहणाऱ्याला तो क्रमांक म्हणजे बोलणाऱ्याची ओळखच वाटते. परंतु तो क्रमांक तेथे आला कोठून, तो कोणी लिहिला आणि त्याची शहानिशा कोणी केली, हे प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतात. पोलीस अधिकाऱ्याचा किंवा बँकेचा म्हणून आलेल्या फोनवर विश्वास ठेवून ज्यांनी आयुष्यभराची पुंजी गमावली, त्यांच्यापैकी अनेकांना पडद्यावरच्या अंकांनीच दगा दिला. म्हणून हे अंक कसे प्रवास करतात हे थोडक्यात समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी संभाषण चालू असेपर्यंत दोन घरांच्या दरम्यान एक मार्ग राखून ठेवलेला असे. आता आवाजाचे बारीक तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून पाठविले जातात. मात्र आवाज वाहू लागण्यापूर्वी एका पक्षाने दुसऱ्याला गाठावयाचे, बोलवावयाचे, आणि दुसऱ्याने होकार किंवा नकार कळवावयाचा, हा शिष्टाचार पार पडावा लागतो. तो ज्या नियमावलीनुसार चालतो तिचे नाव 'सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल', संक्षेपाने 'सिप'. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील हेनिंग शुल्झ्रिने आणि त्यांचे इतरत्रचे सहकारी यांनी ती घडविली. तिची पहिली प्रमाण आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली आणि २००२ साली तिची जागा सुधारलेल्या आवृत्तीने घेतली. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे जाळे सुरू झाले, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील साध्या संभाषणाचे निमंत्रणही याच पद्धतीने जाऊ लागले.

हे निमंत्रण म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेले एक पत्रच होय. त्याच्या माथ्यावर काही ओळी असतात. त्यांना 'हेडर' म्हणतात. आपण त्यांना शिरोलेख म्हणू. 'टू' या ओळीत कोणाला बोलवावयाचे ते असते, 'फ्रॉम' या ओळीत कोण बोलावतो ते. 'कॉल-आयडी' ही त्या संभाषणाची स्वतंत्र खूणगाठ. 'व्हाया' या ओळी टपालाच्या शिक्क्यांसारख्या असतात. पत्र ज्या ज्या ठाण्यावरून जाते ते ते ठाणे आपली ओळ वर चढविते आणि उत्तर त्याच वाटेने उलट परत येते. 'मॅक्स-फॉरवर्ड्स' या ओळीत बहुधा ७० हा आकडा घालून पत्र निघते. प्रत्येक ठाण्यावर त्यातून एक वजा होतो, आणि शून्य झाल्यास पत्र पुढे जात नाही. वाट चुकलेले निमंत्रण जाळ्यात अखंड भ्रमत राहू नये, यासाठी ही तजवीज.

या ओळींचा उपयोग केवळ जोडणी करण्यापुरता नाही. ध्वनिमुद्रित आवाजात उत्तरे देणाऱ्या यंत्रणांना त्या फार मोलाच्या असतात. समजा, पाच दवाखान्यांनी रात्रीचे फोन घेण्याचे काम एकाच यंत्रणेकडे सोपविले आहे. रुग्णाने फिरविलेला क्रमांक दवाखान्याचा, पण निमंत्रण वळविले गेले यंत्रणेकडे. मग यंत्रणेने कोणत्या डॉक्टरांच्या नावाने नमस्कार करावा? निमंत्रण कोणाकोणाकडून वळत आले याची नोंद 'हिस्टरी-इन्फो' या शिरोलेखात असते. ती वाचून यंत्रणा योग्य डॉक्टरांचे नाव घेते, आणि मध्यरात्री घाबरलेल्या आईला "आपण कोठे फोन केला?" हे विचारावे लागत नाही. त्याचप्रमाणे यंत्राकडून माणसाकडे संभाषण सोपविताना 'यूजर-टू-यूजर' या शिरोलेखातून तक्रारीचा क्रमांक पुढे धाडता येतो, आणि ग्राहकाला तीच कहाणी तीन वेळा सांगण्याचा त्रास वाचतो. मात्र या ओळी वाटेतील प्रत्येक ठाण्याला वाचता येतात. गुप्त अंक त्यांत लिहिणे म्हणजे ते पोस्टकार्डावर लिहिण्यासारखेच होय.

येथवर सारे सोयीचे. अडचण उभी राहते ती 'फ्रॉम' या ओळीपाशी, कारण ती ओळ पाठविणारा स्वतःच लिहितो. शाळेतील उदाहरण घेऊ. विद्यार्थी गैरहजर राहिला की पालकांची चिठ्ठी आणावी लागते. खाली "आपला नम्र" असे लिहून वडिलांचे नाव असते, पण ते नाव वडिलांनीच लिहिले की चिरंजीवांनी, हे केवळ चिठ्ठी पाहून सांगता येत नाही. 'फ्रॉम'ची गत अशीच आहे. त्यात बँकेचा क्रमांक लिहिण्यासाठी बँकेत नोकरी असावी लागत नाही. वाटेतील ठाण्यांनी हरकत घेतली नाही, म्हणजे झाले.

यावर पहिला उपाय २००२ साली निघाला. ज्या सेवाकंपन्यांचा परस्परांवर विश्वास आहे त्यांनी आपल्या ग्राहकाची ओळख पटवून घ्यावी आणि 'पी-असर्टेड-आयडेंटिटी' या वेगळ्या शिरोलेखात ती स्वतः नमूद करावी, असा तो संकेत. ज्याला आपला क्रमांक पलीकडच्यास कळू द्यावयाचा नाही त्याच्यासाठी 'प्रायव्हसी' हा शिरोलेखही त्याच वर्षी आला. संकटात सापडलेल्या व्यक्तीला नाव न सांगता मदत मागता यावी, यासाठी ही मुभा आवश्यकच आहे. परंतु हा विश्वास ओळखीच्या वर्तुळापुरता. वर्तुळाबाहेरून तोच शिरोलेख आला तर तो मानू नये, असा नियम आहे. हा नियम न पाळणारी यंत्रणा कुंपण घालून फाटक उघडे ठेवणाऱ्यासारखी ठरते.

दुसरा उपाय अधिक पक्का. एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात लग्नासाठी जाणारा ख्रिस्ती तरुण आपल्या धर्मगुरूंचे शिक्क्याचे पत्र बरोबर नेतो. "मी अमक्याचा मुलगा" हे त्याचे तोंडचे सांगणे पुरत नाही. त्याला ओळखणाऱ्याची सही लागते, आणि ती सही परक्या गावीही पडताळता येते. 'आयडेंटिटी' हा शिरोलेख असेच काम करतो. त्याचे आजचे प्रमाण रूप २०१८ साली ठरले. फोन जेथून निघतो तेथील कंपनी क्रमांकावर गणिती सही करते आणि पोहोचविणारी कंपनी ती पडताळते. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये यासंबंधी कायदा झाला आणि मोठ्या कंपन्यांना आपल्या आधुनिक जाळ्यात ही व्यवस्था करण्यासाठी ३० जून २०२१ ही मुदत देण्यात आली. तेथेही सह्यांच्या पायऱ्या आहेत. ग्राहक आणि क्रमांक दोन्ही ठाऊक असल्यास पहिली; ग्राहक ठाऊक पण क्रमांकावरील त्याच्या हक्काची खात्री नसल्यास दुसरी; आणि निमंत्रण केवळ आपल्या दारातून आत आले, एवढेच सांगता येत असल्यास तिसरी.

भारतात २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सरकारने वेगळ्या दिशेने पाऊल टाकले. परदेशी वाटेने आलेले, पण अंगावर भारतीय क्रमांक मिरविणारे फोन ओळखून अडविण्याची यंत्रणा सुरू झाली. पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लक्ष असे फोन अडविल्याचे सरकारने जाहीर केले. येथील तर्क साधा आहे. लिफाफ्यावर पत्ता गावचा, पण टपाल आले ते समुद्रापलीकडून. तेव्हा संशयाला जागा आहे. लिहिणाऱ्याच्या दाव्यापेक्षा पत्र ज्या वाटेने आले ती वाट अधिक खरे सांगते.

तथापि कोणत्याही सहीची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. सही क्रमांकाची ग्वाही देते. बोलणाऱ्याच्या सचोटीची नव्हे. खऱ्या क्रमांकावरूनही खोटे बोलता येते. शिवाय वाटेत जुन्या पद्धतीचे एखादे ठाणे लागले की सहीचा शिरोलेख तेथेच गळून पडतो.

यावरून यंत्रणा रचणाऱ्यांसाठी जो नियम निघतो तो असा: शिरोलेखावरून स्वागत करावे, तिजोरी उघडू नये. येणाऱ्या क्रमांकावरून ग्राहकाची भाषा निवडावी, त्याची मागील तक्रार समोर आणावी. परंतु खात्यातील शिल्लक सांगण्यापूर्वी अन्य पुरावा मागावा. प्रत्येक ओळीसंबंधी एकच प्रश्न विचारावा: ही कोणी लिहिली, आणि त्याला तसे लिहिण्याचा अधिकार होता काय?

सामान्य माणसाला या ओळी दिसत नाहीत. पण त्याच्या हातीही एक साधे शस्त्र आहे. बँकेचा म्हणून फोन आला आणि त्यात पैशाची किंवा गुप्त अंकांची गोष्ट निघाली, तर तो शांतपणे ठेवून द्यावा, आणि पासबुकावर छापलेला क्रमांक स्वतः फिरवावा. येणाऱ्या फोनवरचा क्रमांक दुसऱ्याने लिहिलेला असतो. आपण फिरविलेला क्रमांक आपण लिहितो, आणि तो ज्याच्या नावे आहे त्याच्याकडे निमंत्रण पोहोचविणे हे जाळ्याचेच काम असते. घंटा वाजविणारा घाई करतो. आपण मात्र घाई करू नये. ज्याचे काम खरे आहे तो आपल्या उलट फोनाची पाच मिनिटे वाट पाहील.