बंद आकाश, उघडी खिडकी



कोल्हापूरचा कसबा बावडा म्हटलं की राजाराम साखर कारखाना आठवतो, पंचगंगेवरचा बंधारा आठवतो. विमान काही आठवत नाही!

पण लेक परदेशी असली, की बावडेकराला आधी मुंबईसारखं शहर गाठावं लागतं. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही.

मार्च 2020.
करोना आला, आणि देशाने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली.

नियमित उड्डाणं थांबली. सगळी विमानं नव्हे. हा फरक ध्यानात ठेवा.

मे महिन्यात ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली. एअर इंडियाची विमानं अडकलेल्यांना घेऊन येऊ लागली. लंडनहूनही एक विमान मुंबईत उतरलं.

जुलैत निघाली नवी वाट. नाव गमतीचं, ‘एअर बबल’. म्हणजे हवेचा बुडबुडा. प्रत्यक्षात तो दोन देशांमधला करार. दोन्हीकडच्या कंपन्यांनी ठरलेल्या फेऱ्या करायच्या. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आधी आले.

पुढे प्रवाशांना ‘एअर सुविधा’ संकेतस्थळावर अर्ज भरणं आलं.
करोना चाचणीचा अहवाल आला.
तोंडावर मास्क तर होताच.

म्हणजे पुन्हा तेच: नियमित उड्डाणं बंद, पण कराराची खिडकी उघडी.

ही खिडकी जवळजवळ पावणेदोन वर्षं चालली. मध्ये करोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराने घोळ घातला. नियमित उड्डाणांची डिसेंबर 2021 मध्ये ठरलेली सुरुवात पुढे गेली.

अखेर 27 मार्च 2022 रोजी नियमित उड्डाणं सुरू झाली.
विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावरचा पीपीई किट उतरला.
मास्क मात्र तेव्हा तरी राहिला.