मुक्त ग्रंथ आणि अर्धा पुरावा

संशोधन म्हणजे पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांत बसून करावयाचे काम, अशीच आम्हां खेड्यांतील शिक्षकांची समजूत असे. आमच्या उचगावात मराठी साहित्य संमेलन भरते खरे. परंतु मोल्सवर्थचा 1857 सालचा कोश पाहावयाचा, तर बेळगाव गाठावे लागे, आणि तेथेही तो हाती लागेलच असे नसे. आज शिकागो विद्यापीठाने तो कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, दोन्ही संगणकावर सर्वांस खुले केले आहेत.

या सुबत्तेत एक धोकाही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ घ्या. सुमारे 11 हजार ओव्यांचे हे मराठी काव्य 1616 साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली हस्तलिखितांवरून मंगळूरला सिद्ध केलेली आवृत्ती जुनी, म्हणून ती आता घरबसल्या वाचावयास मिळते. तीत पोर्तुगीज धर्मसंज्ञा जागोजाग आढळतात. परंतु लंडनमधील मार्सडेन संग्रहात जे देवनागरी हस्तलिखित जस्टिन अ‍ॅबट यांना आढळले, त्यात अशा अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आहेत! सहज मिळालेली एकच प्रत वाचून कोणी स्टीफन्स यांच्या भाषेविषयी सिद्धांत मांडला, तर त्याचा तर्क बिनचूक असेल, पुरावा मात्र अर्धाच. यंत्राचा शोधही तसाच. देवनागरीत शब्द विचारावा, तर रोमन पानांवरचा तोच शब्द त्यास ओळखता येईलच असे नाही.

शिवाय नवे संशोधन बहुधा वर्गणीच्या कुलपात असते. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने 1 जानेवारी 2025 पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना सुमारे 13 हजार नियतकालिके उपलब्ध केली. ही गोष्ट मोठीच. परंतु शाळामास्तर त्या दाराबाहेर उभा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ त्यास फुकट मिळतो. त्यातील चुका दाखविणारा कालचा लेख मिळत नाही. प्राध्यापकांनी आपले लेख सर्वांस खुले ठेवले, तर हे दार निदान किलकिले होईल.

तोवर वर्गात आमचा एक नियम आहे. मुलांनी शब्दाचा अर्थ सांगताना तो कोणत्या कोशातून, कोणत्या सालच्या, हेही लिहावयाचे. मोल्सवर्थ एक सांगतो, दाते-कर्वे दुसरे. मग त्या दिवशी व्याकरणाचा तास बुडतो, आणि मीही तो बुडू देतो.